‘लाल चवी’ची चाहती

‘चाहता’ हा शब्द समीक्षेच्या परिभाषेत अद्याप प्रवेश पावलेला नाही. रसिक, सहृदय, आस्वादक ही मंडळी तेथे सन्मानाने वावरतात. चाहत्याला मात्र उंबरठ्याबाहेर ठेवले जाते. त्याचे प्रेम अगोदर ठरते आणि अभिप्राय मागाहून येतो, असा एक समज आहे. ‘रेड व्हेल्व्हेट’ या कोरियन गायिकासमूहाच्या एका चाहतीचा अभिप्राय या समजाच्या संदर्भात तपासण्याजोगा आहे.

उन्हाळी गीत हा कोरियन लोकप्रिय संगीतातील जवळजवळ एक काव्यप्रकारच होय. ‘सिस्टार’ या समूहाने ‘लव्हिंग यू’ (२०१२), ‘टच माय बॉडी’ (२०१४), ‘शेक इट’ (२०१५) अशा गीतांनी तो आपलासा केला होता. २०१७ मध्ये तो समूह विसर्जित झाला आणि त्याच वर्षी ९ जुलैला ‘रेड व्हेल्व्हेट’चे ‘रेड फ्लेवर’ आले. (कोरियात जूनअखेरीपासून महिनाभर ‘जांगमा’चा पाऊस असतो, म्हणजे हे ग्रीष्मगीत अवतरले ते भर पावसात. ऋतुकाव्याचे संकेत हवामानाला फारसे बांधलेले नसतात, हे आपल्याला नवे नाही.)

या गीताचे कोरियन शीर्षक ‘प्पालगान मात’, म्हणजे शब्दशः ‘लाल चव’. चाहतीचा सारा अभिप्राय या दोन शब्दांभोवती फिरतो. रंगाला चव कशी असेल, हा प्रश्न तिला पडतच नाही. गीत प्रास्ताविकाशिवाय थेट ध्रुवपदानेच सुरू होते आणि तो प्रश्न विचारण्याची उसंतच देत नाही, हे त्याचे यश आहे असे ती म्हणते. ‘मात’ (चव) आणि ‘मॉत’ (डौल, लालित्य) हे कोरियन शब्द सगोत्र मानले जातात. ज्या परंपरेत ‘रस’ आणि ‘आस्वाद’ या संज्ञा स्वयंपाकघरातूनच काव्यशास्त्रात आल्या, तिच्या अभ्यासकाला ही जवळीक उपरी वाटू नये. चाहतीने भरत वाचलेला नाही. तरीही ती जिभेच्या भाषेत बोलते आणि नेमके बोलते.

याउलट, ६ ऑगस्ट २०१८ चे ‘पॉवर अप’ तिला रुचत नाही. जुन्या व्हिडिओ-खेळांतील आवाजांवर बेतलेले ते गीत लोकप्रियतेत कमी पडले नाही. पण तिच्या मते ते आनंदाची आज्ञा करते, चव देत नाही. मर्ढेकरांच्या परिभाषेत सांगायचे तर, तेथे संवादलय उदंड आहे, विरोधलय जवळपास नाही. प्रेम अगोदर ठरलेले असते तर ही नावड कोठून आली?

‘रेड फ्लेवर’चे शब्द केन्झीचे व संगीत स्वीडिश रचनाकारांचे, गायिकांच्या वाट्याला आले ते केवळ गायन व नर्तन, हे तिला ठाऊक आहे. ही निर्मिती व्यापारी योजनेचा भाग आहे, हा आक्षेप म्हणून तिला माहिती पुरवीत नाही. किंबहुना, १ एप्रिल २०१८ रोजी चार गायिकांनी हेच गीत प्योंगयांगमध्ये किम जोंग-उन यांच्यासमोर गायिले, तेव्हा ‘लाल’ या विशेषणाचे काय झाले असेल, हा तिला अधिक रसाचा प्रश्न वाटतो. समीक्षकांनाही वाटावयास हवा होता.

पेच उभा राहतो तो ‘कॉस्मिक’पाशी. २४ जून २०२४ चे हे गीत समूहाच्या दहाव्या वर्षातले. चाल संथ नाही, पण उतावीळही नाही, आणि दृश्यफितीतील फुलांचे मुकुट ‘मिडसोमर’ (२०१९) या भयपटाची आठवण करून देणारे. एप्रिल २०२५ मध्ये वेंडी आणि येरी मूळ कंपनीतून बाहेर पडल्या. त्यानंतर ऐकताना चाहतीला या गीतात एक निरोप जाणवतो. तो स्वरांत आहे, की तिने मागाहून वाचलेल्या बातमीत? ‘रेड फ्लेवर’ श्रेष्ठ, ‘पॉवर अप’ कनिष्ठ, हे ती आजही निःशंकपणे सांगते. ‘कॉस्मिक’ला मात्र ती क्रम देत नाही; विचारले तर पुन्हा लावते आणि संपेपर्यंत कोणाला बोलू देत नाही.