गप्प बसायची सवय

आमचे श्रीपूर साखरेचे गाव. दिवाळीच्या सुमारास गळिताचा हंगाम सुरू होई आणि फराळ करता करता वडील सोलापूरची हकिकत सांगत: १९३० चा लष्करी कायदा, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. शेवटी म्हणत, "तुम्ही तरी मोकळेपणाने बोला रे!"

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. घरात एक विरोधाचे पत्रक होते. ते मी रातोरात चुलीत घातले. वडिलांनी पाहिले, बोलले नाहीत. मार्च १९७७ मध्ये आणीबाणी उठली. माझी भीती काही उठली नाही.

परवा वाण्याची यादी करताना सौ. म्हणाली, "करंज्या यंदा निम्म्याच करू." साखरेच्या गावात! परदेशातल्या मुलाला फोनवर महागाईचे, पक्ष बदलणाऱ्या पुढाऱ्यांचे सांगू लागलो, तो आवाज आपोआप खाली आला.

"बाबा, हळू का बोलता?"

"परत कधी येतोस?" हा माझा प्रश्न ओठांतच राहिला. देशाला, पुढाऱ्यांना खुशाल नावे ठेवावीत. पण ते पत्रक कुणी शिपायाने जाळले नव्हते.