उत्तर नाही दिलं तरी चालेल

लेस्टरमधल्या एका ग्रंथालयात आठवड्यातून एकदा इंग्रजीचा वर्ग भरतो. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या प्रौढांसाठी ब्रिटनभर असे वर्ग चालतात. त्यांना 'ईसॉल' म्हणतात. मी तिथे शिक्षिकाबाईंच्या मदतीला जाते. आमचा वर्ग 'एंट्री टू', म्हणजे दुसऱ्या पायरीचा. सीरियातून आलेली एक शिक्षिका, बेकरीत काम करणारी पोलिश बाई, सोमालियाचा टॅक्सीवाला आणि दोन गुजराती काकू. त्या दिवशीचा धडा होता, ठरलेली भेट रद्द करण्याचा मेसेज.

काकूंनी 'रिस्पेक्टेड मॅडम'पासून सुरुवात करून नणंद, नणंदेचा गुडघा, इस्पितळाची तारीख असं सगळं लिहून काढलं. मला ते ओळखीचं होतं. बारशाला जाता आलं नाही, तर कारण जितकं सविस्तर सांगू तितका समोरच्याचा मान राहिला, हे आपल्याही अंगवळणी पडलेलं आहे. टॅक्सीवाल्यानं दोनच शब्द लिहिले होते : 'नो कम.' समोरचाही कामात, मीही कामात, मग जास्त कशाला, असं त्याचं म्हणणं.

बाईंनी फळ्यावर लिहिलं : 'हाय, सो सॉरी, कान्ट मेक इट टुमारो, माय सन्स नॉट वेल. आर यू फ्री नेक्स्ट थर्सडे?' मग विचारलं, "हा मेसेज वाचल्यावर समोरच्याला काय करावं लागेल?" गुरुवार जमतो की नाही, एवढंच सांगावं लागेल. काकूंचा मेसेज वाचून मात्र गुडघ्याची चौकशी करावी लागली असती, आणि टॅक्सीवाल्याचा वाचून 'हा रागावला की काय' याचा विचार करत बसावं लागलं असतं.

पूर्णविरामावरून थोडा वाद झाला. सीरियन शिक्षिकेला तो प्रत्येक वाक्याला हवा होता. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या 2015 सालच्या एका अभ्यासात, मेसेजमधल्या एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम दिला की वाचणाऱ्यांना ते कमी मनापासूनचं वाटतं, असं दिसलं होतं. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत मात्र तसा फरक पडला नाही. सीरियन शिक्षिकेला ते अजिबात पटलं नाही. इथे मैत्रिणी मेसेजच्या शेवटी एक्स हे अक्षर टाकतात, ती पाप्याची खूण. घरमालकाला पाठवायचा का, असं एका काकूंनी गंभीरपणे विचारलं आणि वर्ग हसून लोळला. "त्यानं आधी पाठवला तर बघू," बाई म्हणाल्या.

मग सांत्वनाचा मेसेज. बहुतेकांनी लिहिलं : 'हाऊ डिड इट हॅपन?' आपल्याकडेही दुःखाच्या घरी गेलेला माणूस हेच विचारतो. "कसं झालं हो?" आणि घरातलं कुणीतरी पहिल्यापासून सांगू लागतं. येईल त्याला पुन्हा तेच. सांगता सांगता रडू येतं, जरा मोकळं वाटतं. इथे अंत्यसंस्कार बरेचदा दोन-तीन आठवड्यांनी होतात. तोवर घरी माणसांची रीघ नसते; येतात ती कार्डं आणि मेसेज. समोर बसलेल्याला हकीकत सांगणं वेगळं, आणि तीच अंगठ्यानं एकेकाला टाइप करत बसणं वेगळं. म्हणून बाईंचा नमुना : 'सो सॉरी अबाउट युअर मम. थिंकिंग ऑफ यू. नो नीड टु रिप्लाय.' प्रश्न एकही नाही.

'लेट मी नो इफ यू नीड एनिथिंग' हे सर्वांच्या तोंडी बसलेलं वाक्यही त्यांनी खोडलं. काय हवं ते आठवायचं, मग ते मागायचं, हे काम पुन्हा त्या दुःखी माणसाकडेच गेलं. त्यापेक्षा शुक्रवारी मुलांना शाळेतून मी आणते, असं लिहा. मला गावाकडचं आठवलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भात करून आणतात. काय आणू, असं कुणी विचारत नाही. मी ते खाणाखुणांनी समजावलं तर सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्याकडेही तसंच.

काही आठवड्यांनी पोलिश बाईची आई गेली. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शिकवलेले नमुने एकामागून एक आले, अगदी नीट, प्रश्नचिन्हाशिवाय. टॅक्सीवाल्याचा मेसेज सगळ्यात शेवटी आला : 'सॉरी युअर मम. आय ड्राइव्ह यू एअरपोर्ट. नो मनी. व्हॉट टाइम?'

नियम मोडून विचारलेला तो एकच प्रश्न. आणि ग्रुपवर तिनं उत्तर दिलं तेही त्या एकाच मेसेजला : 'फोर इन द मॉर्निंग.'