लंडनदर्शन : सूर्याच्या वेळापत्रकाने

पनवेल मागे पडले की पळस्पे फाटा लागतो. येथे पुण्याचा जुना रस्ता आणि गोव्याचा महामार्ग एकमेकांपासून वेगळे होतात. दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका दिसतो. अहोरात्र वाहनांची ये-जा पाहणाऱ्या या परिसरात प्रवासाचे अप्रूप ते काय! तरीही लंडनचा बेत निघाला की श्रावकांच्या घरात एक प्रश्न हमखास उभा राहतो. मुले-नातवंडे नकाशे उलगडून बसतात आणि आजी शांतपणे म्हणते, "तुम्ही जाऊन या. माझा चौविहार तिथे कसा व्हायचा?" पुष्कळदा तेथेच तिचे नाव यादीतून गळते.

ते गळण्याचे कारण नाही. मात्र त्यासाठी बेताचा क्रम बदलावा लागतो. तिकिटांआधी सूर्योदय-सूर्यास्त पाहावे लागतात.

पनवेलला उन्हाळ्यातील आणि हिवाळ्यातील सूर्यास्तात सव्वा-दीड तासाचे अंतर असते. लंडन बरेच उत्तरेला, साडेएक्कावन्न अक्षांशावर आहे. तेथे २१ जूनला सूर्य पहाटे ४.४३ला उगवतो आणि रात्री ९.२१ला मावळतो. २१ डिसेंबरला तो सकाळी ८.०४ला उगवून दुपारी ३.५३लाच अस्ताला जातो. म्हणजे नाताळात रोषणाई पाहायला गेलेल्या कुटुंबाला सायंकाळचे जेवण साडेतीनच्या आत उरकावे लागते. नवकारशी नऊला आठ मिनिटे कमी असताना येते. बियासण्याचा नियम असलेल्याला तर एका जेवणातून उठून लगेच दुसऱ्याला बसल्यासारखे होते. जूनमध्ये हीच अडचण नाहीशी होते. साडेसातला निवांत जेवण झाले तरी सूर्यास्ताला पावणेदोन तास उरतात. अवघड होते ते प्रतिक्रमण. ते रात्री साडेनऊनंतर सुरू होते आणि लहान मुले तोवर पेंगतात.

चातुर्मासात प्रवास नको, असे बहुतेक घरांत ठरलेले असते. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. तेव्हा मेचा उत्तरार्ध आणि जूनचा पहिला आठवडा, एवढाच काळ हाती राहतो. तो उत्तम आहे. मेअखेरीस तेथील सूर्यास्त नऊच्या सुमारास असतो. जाताना दिवसाचे थेट विमान घ्यावे. ते सूर्याच्या मागोमाग पश्चिमेला जाते, घड्याळ साडेचार तास मागे सरकते आणि दुपारी मुंबई सोडलेला प्रवासी उजेडातच उतरतो.

शहर पाहताना एका दिवशी एकच भाग धरावा. वृद्धांच्या गुडघ्यांना तेच मानवते. पूर्वेला अकराव्या शतकातील टॉवर, तेथे राजमुकुटातील कोहिनूर, आणि १६६६च्या महाआगीनंतर उभारलेले सेंट पॉल्स कॅथेड्रल. दुसऱ्या दिवशी वेस्टमिन्स्टर. पैसे राखायचे असतील तर संग्रहालयांवर भर द्यावा. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट यांच्या कायम दालनांत प्रवेश विनामूल्य आहे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या संग्रहात मध्य प्रदेशातील ग्यारसपूरची पार्श्वनाथांची प्राचीन मूर्ती आहे. दालने नूतनीकरणासाठी बंद असतात, म्हणून आधी चौकशी करावी. काचेआडच्या जिनबिंबासमोर कोणी हात जोडतो, कोणाला पूजेविना असलेली मूर्ती पाहून वाईट वाटते. दोन्ही स्वाभाविक आहे.

ब्रिटिश लायब्ररीत हजाराच्या वर जैन हस्तलिखिते आहेत. त्यांची तीन खंडांची सूची २००६ साली निघाली. त्यांतली काही हर्मन याकोबी यांच्या संग्रहातून आली. आचारांग आणि कल्पसूत्र यांचा इंग्रजी अनुवाद त्यांनी १८८४ साली प्रसिद्ध केला. हस्तलिखिते सहज पाहता येत नाहीत, वाचकपत्र काढावे लागते. प्रिमरोझ हिलजवळ डॉ. आंबेडकर राहत असत ते घर आहे. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते घेतले. मराठी माणसाने ते चुकवू नये. एक सकाळ शहराबाहेरील पॉटर्स बारच्या शिखरबंद देरासरासाठी राखावी. हालारातून आफ्रिकेत आणि तेथून ब्रिटनमध्ये स्थिरावलेल्या ओसवाल समाजाचे ते मंदिर. प्रतिष्ठा २०१० साली झाली.

शिदोरीत खाखरे, भाजलेले कुरमुरे, चण्याचे सत्तू घ्यावे. पेढे-बर्फी घेऊ नये. भारतातून दूध व दुधाचे पदार्थ नेण्यास तेथे मनाई आहे. तेथील पाकिटांवर अंडे, दूध असे चौदा घटक ठळक छापणे कायद्याने बंधनकारक आहे. कांदा-लसूण त्यांत येत नाहीत, म्हणून संपूर्ण यादी वाचावी. चीजमध्ये रेनेट आणि गोळ्या-चॉकलेटांत जिलेटिन असू शकते. स्वयंपाकघर असलेली खोली घेतली तर वरणभाताचा प्रश्नच सुटतो, आणि वेम्बलीच्या ईलिंग रोडवर डाळ-तांदळापासून सारे मिळते.

परतीचे विमान रात्रीचे असेल तर जेवण उजेड असतानाच, विमानतळावर पोहोचण्याआधी उरकावे. पूर्वेकडे येताना रात्र फार लहान होते. खिडकीतून सूर्य दिसतो तेव्हा हातातले घड्याळ लंडनची मध्यरात्र दाखवत असते. अशा वेळी पच्चक्खाण कोणत्या वेळेने पारायचे, हे निघण्यापूर्वीच गुरुमहाराजांना विचारून ठेवावे.