हायब्रीड गाडी आणि खडीचा रस्ता

दुकानात आलेला गाडीवाला टायरकडे वरून बघतो. नक्षी न्याहाळतो, खोबणीत बोट घालून खोली चाचपतो आणि म्हणतो, "जरा जाड, दणकट काहीतरी दाखवा. आमच्याकडचा रस्ता खराब आहे." मी टायर आडवा ठेवतो आणि त्याला साइडवॉल दाखवतो. खराब रस्त्यावर टायर जातो तो बहुतेक वेळा बाजूने. नक्षी झिजून म्हातारपणी जायचं, तर त्यालाही चांगला रस्ता नशिबात लागतो.

माझं दुकान चिपळूणला. घाटाखाली जांभा आणि कुंभार्ली चढून पाटणकडे गेलं की काळा बसाल्ट, असे दोन्ही प्रकारचे मार खाल्लेले टायर माझ्याकडे येतात आणि ते पाहून गाडी कुठून आली याचा अंदाज बांधता येतो. जांभ्याचा कच्चा रस्ता दिसायला भयंकर. लाल धूळ, पावसात चिखल, मध्ये उघडी पडलेली कातळाची पाठ. पण सुटा जांभा मऊ असतो, चाकाखाली चुरतो. बसाल्टची खडी चुरत नाही. क्रशरमधून निघालेल्या प्रत्येक तुकड्याला ताज्या, धारदार कडा असतात. रस्त्याच्या खडीला जांभा सहसा चालत नसल्यामुळे कोकणातल्या गावातही खडीकरणाला हीच काळी खडी येते. ती पसरून झाली, रोलर फिरला आणि डांबराचं बिल कुठंतरी अडकलं, की पुढचे कित्येक महिने तो रस्ता टायरांचा कर्दनकाळ असतो. त्यापेक्षा जुना मातीचा रस्ता परवडला.

त्यात पाऊस. रबर कापायचं झालं तर आम्ही सुरीला पाणी लावतो, कारण ओलं रबर कोरड्यापेक्षा कितीतरी सहज कापलं जातं. खडीची धारही तसंच करते. उन्हाळ्यात ज्या दगडावरून टायर नुसता खरवडून निघतो, तोच दगड जुलैत आत घुसतो. म्हणून टायर बदलायचेच असतील तर मे महिन्यात बदला, दिवाळीची ऑफर बघत पावसाळा काढू नका. (दिवाळी अंकात हे लिहिणं माझ्या धंद्याला शोभत नाही, पण असो.)

आता हायब्रीडकडे येऊ. गेल्या काही वर्षांत या गाड्या तालुक्याच्या गावांतही दिसू लागल्या. होंडा सिटीची हायब्रीड, टोयोटाची हायरायडर आणि तिची जुळी बहीण मारुतीची ग्रँड व्हिटारा या तिन्ही २०२२ साली आल्या. घेणारा माणूस मायलेजसाठी घेतो, आणि कंपनीही त्याला साजेसा टायर देते, म्हणजे सहज घरंगळणारा. टायर फिरताना प्रत्येक फेरीत चेपतो आणि पुन्हा फुलतो. या चेपण्या-फुलण्यात जी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, त्यालाच धंद्यात रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. तो कमी करायचे मार्ग ठरलेले आहेत. एक रसायनाचा. मिशेलिनने १९९२ मध्ये काजळीच्या जागी बराचसा सिलिका घातलेला टायर बाजारात आणला. त्याने मायलेज वाढलं आणि ओल्या रस्त्यावरची पकडही गेली नाही. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. दुसरा मार्ग काटकसरीचा, म्हणजे रबरच कमी वापरायचं, नक्षीची खोली थोडी उतरवायची, साइडवॉल हलका करायचा. मुंबई-पुणे करणाऱ्याला याचा फायदाच आहे. खडीवर मात्र जिथे काटकसर केली, नेमका तिथेच मार बसतो.

वर गाडीचं वजन. बॅटरी, मोटर आणि त्यांचा सरंजाम धरून हायब्रीड आपल्या पेट्रोल बहिणीपेक्षा शंभरएक किलोंनी जड भरते. पुढच्या चाकांवर मोटरचा जोर पायडल दाबताक्षणी येतो आणि ब्रेक लावताना वीज परत भरण्याचं कामही याच गाड्यांत पुढच्याच चाकांकडून होतं. सुट्या खडीवर पुढचे टायर घासले जातात ते यामुळे. आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे आणि मागचे पुढे करून घ्या, एवढं सांगून हा विषय सोडतो.

साइडवॉलवरचे आकडे वाचायला शिकलात तर निम्मी निवड तिथेच होते. सिटी हायब्रीडला १८५/५५ आर १६ टायर येतो. रुंदी १८५ मिलिमीटर आणि साइडवॉलची उंची त्याच्या ५५ टक्के, म्हणजे साधारण १०२ मिलिमीटर. हायरायडर आणि ग्रँड व्हिटाराच्या हायब्रीडला २१५/६० आर १७ येतो. तिथे साइडवॉल १२९ मिलिमीटर. खड्ड्याच्या काठावर चाक आदळतं तेव्हा दगड आणि रिम यांच्यामध्ये एवढंच अंतर असतं. ते संपलं की टायरची बाजू दोघांत चिमटली जाते, आतले पॉलिएस्टरचे धागे तुटतात आणि आठवड्याभराने बाजूला फुगा दिसतो. फुगा म्हणजे तेवढ्या जागी धागे संपले, हवा नुसत्या रबराने धरलेली आहे. त्याला इलाज नाही. "आतून पॅच मारून देतो," असं म्हणणारा कुणीतरी भेटेलच. त्याला नमस्कार करून पुढे जा.

याच आकड्यांनंतर भारांक येतो. ८३ म्हणजे एका टायरवर ४८७ किलो, ८४ म्हणजे ५००, ९६ म्हणजे ७१०. काही मापांत 'एक्स्ट्रा लोड'चा टायर मिळतो आणि त्यावर 'एक्सएल' लिहिलेलं असतं. त्याने दगडाचा कट अडेल असं नाही, पण सांगाडा जरा भरीव असतो, आणि चार माणसं नि आंब्याच्या पेट्या घेऊन फिरणाऱ्याला तो घ्यावा असं माझं मत आहे. अनेक टायरांवर बारीक अक्षरांत साइडवॉलमध्ये पॉलिएस्टरचे थर किती, हेही छापलेलं असतं. एक की दोन, हे विकत घ्यायच्या आधी बॅटरी मारून वाचा. दुकानदार कंटाळेल, कंटाळू दे.

सिटीवाले विचारतात, मग सोळाच्या जागी पंधराची रिम टाकू का? कल्पना वाईट नाही. त्याच पिढीच्या पेट्रोल सिटीच्या काही मॉडेलांना १८५/६० आर १५ यायचा. त्यात साइडवॉल १११ मिलिमीटर होतो, आणि चाकाचा एकूण व्यास ६१० वरून ६०३ वर येतो. सव्वा टक्क्याच्या आतला फरक, स्पीडोमीटरला तो कळतही नाही. पण हायब्रीडचे ब्रेक वेगळे असू शकतात. आधी रिम नुसती लावून हाताने फिरवा, कॅलिपरला घासत नाही ना ते बघा आणि कंपनीच्या पुस्तकात ते माप आहे का तेही बघा. नसेल तर वॉरंटी आणि विमा या दोन्ही ठिकाणी वाद ओढवून घ्याल. उलट दिशेला, मोठी रिम आणि पातळ टायर घालायला जे येतात, त्यांना मी गावाचं नाव विचारतो आणि शक्य असेल तर परत पाठवतो.

मंगोलियाचं उदाहरण मला फार आवडतं. जपानमध्ये वापरून झालेल्या प्रियस तिथे इतक्या गेल्या आहेत की उलानबातरच्या रस्त्यांवर जिकडेतिकडे त्याच दिसतात. शहराबाहेर त्या गवताळ माळावरच्या कच्च्या वाटांनी पळतात. त्यातल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसचं नेहमीचं माप १८५/६५ आर १५. अरुंद टायर आणि १२० मिलिमीटरचा साइडवॉल. जीपसारखं त्यात काही नाही, तरी निभतं.

मग ऑल-टेरेन, म्हणजे आमच्या भाषेत ए/टी टायर घ्यावा का? २१५/६० आर १७ मध्ये तो मिळतो, छोट्या मापांत शोधावा लागतो. त्याची नक्षी खोल आणि ठोकळ्यांची असते, खडीने तिचे टवके कमी उडतात. पण नक्षी रांगडी म्हणून बाजूही भक्कम, असं धरून चालू नका. काही ए/टी केवळ दिसण्यापुरते असतात, तिथेही थर वाचायचेच. डांबरावर तो आवाज करतो, आणि ओल्या डांबरावर ब्रेकचं अंतर चांगल्या साध्या टायरपेक्षा बहुधा जास्त लागतं.

मायलेजचं काय, हा हायब्रीडवाल्याच्या जिव्हाळ्याचा प्रश्न. डॅशबोर्डवर २४ चे २३ झाले की त्याला झोप येत नाही. हिशेब मांडू. रोलिंग रेझिस्टन्स १० टक्के वाढला तर इंधन एक ते दोन टक्के जास्त जातं, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. ए/टीचा ३० टक्के जास्त धरू, म्हणजे वाईटात वाईट सहा टक्के इंधन. वर्षाला १५,००० किलोमीटर आणि लिटरला २० धरले तर ७५० लिटर पेट्रोल, त्याचे सहा टक्के ४५ लिटर. १०५ रुपयांनी पावणेपाच हजारांच्या आत. सतरा इंची एका चांगल्या टायरची किंमत याहून जास्त आहे. वर्षाला एक टायर जरी कटाने जात असेल, तरी मायलेज वाचवण्यात तोटाच.

तरी मी सगळ्यांना ए/टी विकत नाही. घराजवळचे शेवटचे दोन-तीन किलोमीटर कच्चे आणि बाकी सगळं डांबर, तर उंच साइडवॉलचा साधा टायर घ्या आणि ते दोन किलोमीटर सावकाश चालवा. हायब्रीडमध्ये हे सोपं आहे. मोटरवर ती क्लच न जाळता मुंगीच्या पावलाने दगडावर चढते. रोज पंधरा किलोमीटर खडी तुडवणाऱ्याने मात्र ए/टी घ्यावा आणि डॅशबोर्डवरच्या त्या आकड्यावर कागद चिकटवावा. टायर कुठलाही घ्या, त्यावरचे तारखेचे चार आकडे बघा. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा.

हवेबद्दल गैरसमज फार. मोबाइलवर जीपवाल्यांचे व्हिडिओ बघून मुलं हवा १८ वर आणतात. वाळूत, चिखलात, उंच टायरच्या जीपला ते ठीक. १०२ मिलिमीटरच्या साइडवॉलला १८ पौंड हवा म्हणजे फुग्याला आमंत्रण. उलट ४० भरली तर टायर ताठ होतो, दगडाला वाकून जागा देत नाही आणि कट नक्षीत बसतो. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर जो आकडा आहे तो, सकाळी टायर थंड असताना. नायट्रोजनने खडीवर काही फरक पडत नाही.

हायब्रीडचा एक फायदा कुणी सांगत नाही. इंजिन बंद असताना टायर ऐकू येतो. डांबरावर आल्यावर वेगाबरोबर वाढणारी टक-टक ऐकू आली, तर खोबणीत खडी अडकलेली आहे. घरी पोचल्यावर बोथट पेचकसाने ती काढा. राहिली तर प्रत्येक फेरीत थोडी थोडी आत जाते, नक्षीखालच्या पोलादी पट्ट्यापर्यंत पोचते आणि तिथून पाणी शिरून पोलादाला गंज चढतो.

पंक्चर नक्षीच्या भागात आणि सहा मिलिमीटरपर्यंतचं असेल तर टायर उतरवून आतून मशरूम पॅच मारून घ्यावा. बाहेरून खुपसलेली स्ट्रिप घरापर्यंत येण्यापुरती. साइडवॉलला भोक पडलं तर टायर बदलायचा.

शेवटी स्टेपनी. गाडी घेतानाच बूट उघडून बघा, कारण काही हायब्रीडमध्ये ती जागा बॅटरीने घेतलेली असते आणि हातात फक्त फेसाची बाटली नि पंप येतो. कापलेल्या साइडवॉलपुढे त्यांचं काही चालत नाही. लहान मापाची स्टेपनी असेल तर तिच्यावर ताशी ८० ची मर्यादा लिहिलेली असते. खडीवर ती ८० सोडा, ३० नेच न्या. आणि पुढचं चाक बसलं तर ती पुढे लावू नका. मागचं चांगलं चाक पुढे घ्या, स्टेपनी मागे. जॅक दोनदा लावावा लागतो, आणि पावसात, चिखलात, जॅकखाली घालायला सपाट दगड शोधत हे करायचं जिवावर येतं. तेवढ्यासाठी बूटमध्ये फळीचा एक तुकडा ठेवा.