दुपारी बाराचा फोटो

फोटो म्हटला की डोळ्यांसमोर येतात ती माणसं: लग्नातली, बारशातली, ओळीनं उभी राहून ‘हसा’ म्हटल्यावर हसणारी. पण मैत्रिणींनो, एकदा आपल्या रोजच्या घराचाच फोटो काढून बघा. आणि तोही एकाच जागेवरून, एकाच वेळी, रोज.

रोलच्या कॅमेऱ्यात जेमतेम 36 फोटो निघत. होमाई व्यारावाला रोलीफ्लेक्स वापरत, त्यात तर एका रोलवर बाराच. त्यामुळे बटण दाबायच्या आधी माणूस नीट बघून घेई. मोबाईलमध्ये तो धाकच नाही. म्हणून मी आपला माझ्यापुरता नियम केला: दिवसाला एकच फोटो, स्वयंपाकघराच्या दारातून, दुपारी बाराला. (कुकरची शिट्टी आधी, फोटो नंतर, हे वेगळं सांगायला नको!)

आमची खिडकी दक्षिणेकडची. डिसेंबरात ऊन ओटा ओलांडून पार डब्यांच्या फळीपर्यंत येतं. एप्रिलमध्ये खिडकीच्या गजांपाशीच घुटमळतं. पुण्यात मेच्या मध्याला सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि मग जुलै संपत येईपर्यंत किंचित उत्तरेकडेच असतो. भूगोलाच्या पुस्तकातलं हे उत्तरायण-दक्षिणायन मला ओट्यावर दिसलं. आता लोणच्याची बरणी कोणत्या महिन्यात कुठे ठेवायची, ते मी फोटो बघून ठरवते.

पण त्याच फोटोंत आणखी एक गोष्ट होती. पंधरा-वीस फोटो ओळीनं बघत होते. ज्यात ज्यात सासूबाई होत्या, त्यात त्यांचा डावा हात भिंतीला टेकलेला. बसून कोथिंबीर निवडताना ताट उजेडाकडे ओढलेलं आणि मान एका बाजूला कललेली. एखादा फोटो असता तर योगायोग म्हटलं असतं. प्रत्येकात तेच!

‘आई, नीट दिसत नाही का हो तुम्हाला?’

‘दिसतं की. वयानं एवढं चालायचंच.’

खर्च नको म्हणून दुखणं अंगावर काढायचं, ही त्या पिढीची खोडच! पायऱ्यांवरून पडल्या असत्या म्हणजे? दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्याचा जास्त वाढलेला. ऑपरेशन करून गढूळ झालेलं भिंग काढलं, कृत्रिम भिंग बसवलं आणि त्याच संध्याकाळी आम्ही घरी आलो.

डोळ्यावरची पट्टी काढली तशा सासूबाई एक डोळा झाकून भिंतीकडे बघत राहिल्या. मग दुसरा झाकून बघितलं.

‘अगं, ही भिंत पांढरी आहे होय! मी आपली म्हणत होते, पिवळी पडलीय, रंग द्यायला झालाय.’

मोतीबिंदूत सगळं पिवळट दिसतं, असं डॉक्टर म्हणाले. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. तोवर त्या रोज दुपारी बाराला एक एक डोळा झाकून भिंत तपासतात, आणि फोटो काढायची आठवणही त्याच करतात.