चष्मा आहे ना!

आमच्या घरात आज पाच चष्मे आहेत. त्यातले तीन ‘ब्लू कट’. त्यांच्या काचांवर उजेड पडला की निळसर-जांभळी चमक उठते. सुरुवातीला त्या चमकेचं आम्हाला कौतुक होतं. आता ती दिसली की मनात काहीतरी टोचतं. का, ते सांगण्यासाठीच हा लेख.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. थोरल्या लेकीचं डोकं दुखायला लागलं. अभ्यास मोबाइलवर, करमणूक मोबाइलवर, मैत्रिणींशी गप्पाही त्यावरच. आम्ही दोघंही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे ‘मोबाइलनं डोळे बिघडतात’ हे वाक्य दिवसातून दहा वेळा आमच्याच तोंडी असायचं. तालुक्याच्या गावातल्या चष्म्याच्या दुकानात तिला घेऊन गेलो. नंबर निघाला. मग दुकानदारानं ड्रॉवरमधून एक छोटी टॉर्च काढली. तिचा निळा किरण साध्या काचेतून पाडला, तो समोरच्या कार्डावर लख्ख उमटला. ‘ब्लू कट’ काचेतून पाडला, तर दिसेनासा झाला. “बघा सर, मॅडम, हाच किरण रोज मुलांच्या डोळ्यांत जातो. डोळ्यातला पडदा जाळतो.”

डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर कोण शंका घेणार? साध्या काचेपेक्षा चौदाशे रुपये जास्त होते. दिले. अम्मींचा चष्माही बदलायचाच होता, त्यांच्यासाठीही तीच काच घेतली. आमच्यातल्या एकाचाही तसाच करून टाकला.

अम्मींना अकरा वर्षांपासून साखरेचा त्रास आहे. दरवर्षी डोळ्यांत औषध टाकून पडदा तपासून घ्यायचा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण औषध टाकलं की चार-पाच तास अंधूक दिसतं, म्हणून त्या नेहमीच टाळाटाळ करायच्या. त्या वर्षी त्यांना नवं कारण मिळालं. आम्ही आठवण केली की म्हणायच्या, “आता पडद्याला काय व्हायचंय? चष्मा आहे ना!” आणि आम्ही, दोन शिकलेली माणसं, तेवढ्यावर गप्प बसलो. एक वर्ष गेलं, दुसरंही गेलं.

गेल्या हिवाळ्यात त्यांना सुई ओवता येईना. नंबर वाढला असेल, असं आम्हाला वाटलं. मग एक दिवस म्हणाल्या, “दाराची चौकट वाकडी दिसतेय गं.” तेव्हा मात्र तडक मिरजेला नेत्ररुग्णालयात नेलं. साखरेमुळे पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या गळत होत्या, मध्यभागी सूज आली होती. इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, “गेलेली सगळी नजर परत येईल असं सांगत नाही. आहे ती टिकवू. वर्षभर आधी आला असता तर काम सोपं होतं.”

आम्ही तो चष्मा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी नंबर तपासला आणि चष्मा परत दिला. “नंबर बरोबर आहे, वापरू द्या. पण या आजाराशी त्या निळ्या चमकेचा काडीचाही संबंध नाही.”

मग आम्ही टॉर्चची गोष्ट सांगितली. ते हसले. तशा टॉर्चचा किरण साधारण ४०५ नॅनोमीटरचा, म्हणजे जांभळ्याकडे झुकलेला असतो आणि या काचा नेमका तोच अडवतात. मोबाइलच्या स्क्रीनचा निळा प्रकाश मुख्यतः ४५० च्या आसपास असतो. तो यातल्या बहुतेक काचांमधून बराचसा पार होतो. अशा काचा साधारण दहा ते पंचवीस टक्केच निळा प्रकाश गाळतात. आणि मुळात स्क्रीनमधून येणारा निळा प्रकाश दिवसाच्या नैसर्गिक उजेडातल्या निळ्या प्रकाशाच्या हजाराव्या हिश्श्याएवढा. अंगणात तांदूळ निवडत बसलेल्या बाईच्या डोळ्यांत मोबाइलपेक्षा कितीतरी जास्त निळा प्रकाश जातो. दुकानातला प्रयोग खोटा नव्हता, पण तो आमच्या प्रश्नाचा प्रयोग नव्हता.

घरी आल्यावर आम्ही शोधून वाचलं. वैद्यकीय संशोधनाचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं २०२३ मध्ये सहा देशांतल्या १७ चाचण्या तपासल्या. संगणकावर काम केल्यानं येणारा डोळ्यांचा थकवा या काचांमुळे साध्या काचांपेक्षा कमी होतो, असं त्यात दिसलं नाही. झोपेबाबतचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नव्हते. पडद्याचं रक्षण होतं, असं म्हणायलाही आधार मिळाला नाही. ब्रिटनमध्ये तर बूट्स ऑप्टिशियन्स या मोठ्या साखळीची अशीच जाहिरात २०१५ मध्ये दिशाभूल करणारी ठरली, आणि २०१७ मध्ये तिथल्या जनरल ऑप्टिकल कौन्सिलनं कंपनीला ४०,००० पौंड दंड केला.

मग डोळे थकतात ते कशानं? आपण एरवी मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी मिटतो. स्क्रीनकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं. डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो. त्यात जवळचंच बघत राहिल्यानं डोळ्यांचे स्नायू शिणतात. यावरचा उपाय फुकट आहे. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद बघायचं, आठवणीनं पापण्या मिटायच्या, रात्री झोपण्याआधी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचा. लहान मुलांनी रोज दोनेक तास उघड्यावर खेळावं. जवळचं दिसतं पण लांबचं दिसत नाही, असा नंबर लागण्याचा धोका त्यानं कमी होतो.

लेकीलाही मिरजेला दाखवलं. औषध टाकून तपासल्यावर कळलं की तिच्या नंबरातच फरक होता. काच बदलली, मोबाइल रात्री स्वयंपाकघरात राहू लागला आणि महिनाभरात डोकेदुखी थांबली. नवी काच साधीच घेतली.

चौदाशे रुपयांचं आम्हाला फारसं वाटत नाही. महाग पडली ती निश्चिंती. ‘चष्मा आहे ना’ म्हणून अम्मींची तपासणी राहिली, लेकीचं डोकं दोन वर्षं दुखत राहिलं. दुकानदाराचा दोष आहेच. पण त्यानं फक्त काच विकली, विचार करणं आम्ही स्वतःच सोडलं.

आणखी एक कबुली द्यायची आहे. मागच्या वर्षी पालकसभेत आम्हीच म्हणालो होतो, “मुलं ऑनलाइन अभ्यास करतात, त्यांना ब्लू कट चष्मे घ्या.” शिक्षकांचा शब्द! शिलाईकाम करणाऱ्या एका आईनं दोन मुलांसाठी दोन चष्मे केले, नंबर नसताना.

या जूनच्या सभेत आम्ही उभे राहून सांगितलं की तो सल्ला चुकीचा होता. डोळे दुखत असतील तर आधी नेत्रतज्ज्ञाकडे जा, घरात साखरेचा रुग्ण असेल तर वर्षाची पडद्याची तपासणी चुकवू नका. दुकानात कुणी आजाराची भीती घालून काच विकत असेल तर दावा बिलावर लिहून मागा, आणि फसवणूक झाली असं वाटलं तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करा.

सभा संपल्यावर ती आई थांबली. रागावेल, असं वाटलं होतं. ती म्हणाली, “चष्म्याचं जाऊ द्या. माझ्या सासूबाईंना साखर आहे. त्यांना कुठं दाखवू, ते सांगा.”

आम्ही कागदावर पत्ता लिहून दिला. पुढच्या मंगळवारी अम्मींच्या इंजेक्शनला जाताना गाडीत त्या दोघींनाही सोबत घेतलं.