लाल गेला की रंगीत

मार्च 2015. उन्हाळी धानाची रोवणी आटोपली होती, तेवढ्यात मुंबईत नोकरीला असलेल्या भाच्याचा फोन आला. "मामाजी, यंदा स्नूकरची इंडियन ओपन मुंबईत आहे. याच तुम्ही." स्नूकर मी टीव्हीवर एकदोनदा ओझरतं पाहिलं होतं. कॅरमसारखंच काहीतरी असेल, एवढीच माझी समजूत. दवनीवाड्याहून गोंदिया, तिथून दुपारची विदर्भ एक्सप्रेस, आणि दुसऱ्या दिवशी सांताक्रूझच्या ग्रँड हयात हॉटेलात मी बारा फुटी टेबलासमोर बसलो होतो.

पहिला तासभर काही उमगेना. खेळाडूने लाल चेंडू खिशात घातला, तो गेला तो गेलाच. मग काळा घातला, तर पांढरे हातमोजे घातलेल्या पंचाने तो काढून पुन्हा जागेवर ठेवला. मिळवलेलं परत का ठेवायचं? भाचा कानाशी कुजबुजला, "लाल पंधरा, प्रत्येकी एक गुण. लाल गेला की रंगीत मारायचा. पिवळ्याचे दोन, काळ्याचे सात. लाल आहेत तोवर रंगीत परत येतो. ते संपले की रंगीतही क्रमाने जातात." मी बोटांवर हिशेब मांडला. पंधरा वेळा लाल आणि काळा म्हणजे 120, शेवटचे सहा रंगीत मिळून 27. एकूण 147. एका डावात याहून मोठी खेळी सहसा होत नाही. तो आकडा जुळला तेव्हा कुठे जिवात जीव आला.

पण खरा खेळ पुढेच होता. एका खेळाडूला मारण्याजोगा लाल दिसत नव्हता. त्याने पांढरा चेंडू इतका हळू मारला की तो लालला जेमतेम शिवून तपकिरी चेंडूच्या मागे जाऊन टेकला आणि थांबला. टाळ्या पडल्या. काहीच पडलं नाही, मग टाळ्या कसल्या? आता समोरच्याला लाल सरळ दिसतच नव्हता. तो टेबलाभोवती फिरला, वाकला, पुन्हा उभा राहिला, काठीच्या टोकाला खडू घासला. शेवटी तीन कडांवर आपटून पांढरा चेंडू कसाबसा लालला लागला. माझे तळहात ओले झाले होते.

या अडवणुकीलाच स्नूकर म्हणतात. भाच्याने आणखी एक सांगितलं आणि मी चकित झालो. हा खेळ जन्मला 1875 मध्ये, जबलपूरच्या छावणीत. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने तो बसवला. लष्करी शाळेतल्या नवख्या पोराला तेव्हा 'स्नूकर' म्हणत, तेच नाव पडलं. जबलपूर! लहानपणी गोंदियाहून छोट्या लाईनने मी तिथे गेलो आहे. आमच्या शेजारच्या गावचा खेळ, आणि तो कळायला मला मुंबई गाठावी लागली, याची हळहळ अजून आहे.

इंडियन ओपन ही क्रमवारीची स्पर्धा होती. त्या हंगामापासून खेळाडूंची क्रमवारी दोन वर्षांच्या बक्षिसांच्या रकमेवर ठरू लागली होती, त्यामुळे एकेका सामन्यावर वर्षाची कमाई आणि पुढचा मान टांगलेला. 2013 मध्ये दिल्लीत मुंबईचा आदित्य मेहता याच स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला होता. क्रमवारीच्या स्पर्धेत तिथवर गेलेला तो पहिला भारतीय. चीनच्या डिंग जुनहुईकडून तो 5-0 हरला. मला वाटतं, त्या पोचण्याचं आपल्याकडे पुरेसं कौतुक झालं नाही.

14 तारखेच्या अंतिम सामन्यातही 5-0 च झालं. वेल्सचा मायकल व्हाइट जिंकला, क्रमवारीतलं त्याचं पहिलं विजेतेपद. रिकी वॉल्डन हरला. समोरचा खेळत असताना दुसऱ्याने नुसतं खुर्चीत बसायचं. ना धावता येतं, ना अडवता येतं. पाळी येईल तेव्हा येईल. रोवणी करून पाण्याची वाट पाहणाऱ्याला हे बसणं ओळखीचं आहे.

बाहेर पडल्यावर भाच्याने विचारलं, "मामाजी, तुम्ही कोणाकडून होता?"

"खुर्चीत बसला होता त्याच्याकडून," मी म्हणालो.